ऐनाच्या बेचक्यातलं गवत

कार्तिक लागला की आमच्या भागात गवताचे ट्रक दिसायला लागतात. डोंगरातून उतरतात आणि वखारींकडे जातात. ट्रक असा दिसत नाहीच, दिसतं ते गवतच. चाकं तेवढी खालून डोकावतात. उमरोळीच्या फाटकाशी असा एखादा ट्रक माझ्यापुढे उभा राहिला, की मी स्कूटर बंद करतो आणि त्या गवताकडे बघत बसतो. फाटक उघडतं, ट्रक जातो, मागचे लोक हॉर्न वाजवतात, एखादा हिंदीतून माझ्या कुळाचा उद्धार करतो, तेव्हा मी भानावर येतो. घरी पोचतो तो सांगितलेलं विसरून आणि न सांगितलेलं घेऊन. परवा नारळ आणायला गेलो आणि रताळी घेऊन आलो. बायकोने पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आलं वाटतं तुमचं गवत."

तिला सगळं ठाऊक आहे. म्हणजे मला जेवढं ठाऊक होतं, तेवढं. मी सरकारी खात्यात पाणी मोजणारा माणूस. नदीचं, ओढ्याचं, गटाराचं, जे समोर येईल त्याचं. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी डोंगरातल्या एका धबधब्याखाली, एका ऐनाच्या झाडावर लाल रंगाचा पट्टा ओढला. पुढच्या पावसाळ्यात त्या झाडाशेजारचं घर जागेवर नव्हतं. माणसं कुठे गेली, का गेली, कुणी धड सांगितलं नाही. ते घर माझ्या पट्ट्यामुळे उठलं, की त्या बाजूची घरं उठतात तसं आपलं आपण उठलं, एवढाच प्रश्न आहे. एकोणीस वर्षं मी त्याची दोन्ही उत्तरं देत आलो. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं.

त्या धबधब्याचं नाव मी लिहीत नाही. हल्ली तिथे रविवारी गाड्या जातात म्हणे, त्यात माझ्यामुळे भर नको. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथे कुणी जात नव्हतं. बोईसरहून मनोर, मनोरहून विक्रमगड, तिथून पुढे जव्हारच्या अंगाने चढणारी एसटी, आणि ती जिथे सोडेल तिथून दोन तास पायी. आधी कानाला कळायचं, मग पायाला. धबधबा दिसण्याच्या बऱ्याच आधी जमीन तळव्याखाली बारीक थरथरते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, चालून चालून पाय कापताहेत.

मी समुद्रकाठचा. चिंचणीजवळ आमची वाडी आहे, माडाची, चिकूची, थोडी पानवेलीची. पाणी म्हणजे आडवं, असं डोळ्यांना वळण लागलेलं. येतं, जातं, वेळेवर परत येतं. हे पाणी उभं होतं. डोंगराच्या माथ्यावरून निघालेलं पाणी अर्ध्यातच फुटायचं, धूर व्हायचं आणि खाली डोहात मात्र नुसत्या आवाजाने पोचायचं. मान वर करून बघता बघता कधी कधी पाणी थांबून कडाच वर चाललाय असं व्हायचं. मी चष्मा पुसायचो, पुन्हा बघायचो, पुन्हा तेच. आईला घरी येऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "मग खाली साचतं ते पाणी जातं कुठे?" मी सांगितलं, शेवटी आपल्याच समुद्राला येतं. तिला काही ते पटलं नाही.

त्याची उंची मी तीनदा मोजली आणि तीनदा वेगळी आली. खात्याने दिलेली दुर्बीण तुषारांनी आंधळी व्हायची. माथ्यावर पाणी नक्की कुठे सुटतं तेच ठरत नव्हतं, कारण जास्त पाण्यात ते पुढे उडी मारायचं आणि कमी पाण्यात कड्याला चिकटून यायचं. डेप्युटी साहेबांना, म्हणजे आमच्या वरच्या इंजिनिअरांना, मी तिन्ही आकडे दाखवले. त्यांनी मधला घेतला आणि म्हणाले, "असंच असतं. डोकं खराब करून घेऊ नकोस." माझं डोकं तेव्हापासूनच खराब आहे, असं बायकोचं म्हणणं.

धबधबा मोजणं हे माझं खरं काम नव्हतंच. त्याच्या खाली अर्ध्या मैलावर नदी अरुंद होते, तिथे साकव, म्हणजे पायी जायचा लहान पूल, बांधायचा होता. पलीकडे पाचपंचवीस घरांचा पाडा. पावसाळ्याचे चार महिने अलीकडचा माणूस अलीकडे आणि पलीकडचा पलीकडे. साकव किती उंच हवा हे ठरवायला पूर कुठवर चढतो ते कळायला हवं, आणि ते शोधायला मला पाठवलं होतं.

नदीच्या अलीकडच्या काठावर एकच घर होतं. कुडाचं, शेणाने सारवलेलं, दारापुढे काकडीचा मांडव. तिथे जिव्या राहायचा, त्याची मुलगी काशी आणि दोन बैल. बायको आधीच गेली होती. घराला लागून उतारावर भाताचा एक लहानसा तुकडा, वर नाचणी. जिव्या तेव्हा पन्नाशीचा असेल, माझ्या वडिलांच्या वयाचा. मी चोवीस वर्षांचा आणि त्याला "अरे जिव्या" म्हणत होतो. तोही मान हलवत होता. आज हे लिहिताना हात अवघडतो, पण तेव्हा अवघडला नाही हे खरं आहे. मोजणीची पट्टी धरायला माणूस लागतो, तो मला त्याच्यात मिळाला. पट्टी इतकी सरळ धरणारा माणूस मी पुढे पाहिला नाही. त्याला म्हटलं, "हलू नको," तर माशी नाकावर बसली तरी हलायचा नाही.

मी त्याच्याकडे पंधरा-वीस दिवस होतो. भाद्रपद संपत आला होता. पाऊस मधूनच यायचा, हुक्की आल्यासारखा, आणि मग लख्ख ऊन. कड्याच्या कपारींतून गुलाबी तेरडा फुललेला. ओल्या काळ्या दगडाचा एक वास असतो, लोखंडी तव्यावर पाणी मारल्यासारखा, तो अंगाला, कपड्यांना, भाकरीलाही लागायचा. आईने दिलेले सुके बोंबील मी घेऊन गेलो होतो. काशीने पहिल्या दिवशी ते निखाऱ्यावर टाकले, आणि जिव्याने पहिला घास खाऊन डोळे मिटले. "सायब, तुमच्या दर्यात असा मावरा, न तुमी हितं कशाला आलाव?" काशी सतरा-अठरा वर्षांची असेल, बापासारखी गप्प नव्हती. माझ्या बुटांवर तिचा डोळा होता. रोज संध्याकाळी मी ते चुलीजवळ वाळत टाकायचो आणि रोज सकाळी ते तितकेच ओले असायचे. "त्यांना घरीच र्‍हाऊ द्या सायब," ती म्हणायची, "तुमी जा पायांनी."

दुपारी जेवण झालं की मी कड्याच्या अंगाने भटकायचो. कॉलेजात भूगर्भशास्त्राचा एक पेपर होता, त्यात काठावर पास झालो होतो. पण इथे पुस्तक उभं करून ठेवलेलं. एकावर एक काळे थर, प्रत्येक थर म्हणजे जमिनीतून उतू आलेला लाव्ह्याचा एक वणवा, गार होऊन बसलेला. दोन थरांच्या मध्ये एके ठिकाणी विटेच्या रंगाची बारीक पट्टी होती. एक वणवा विझला, वर माती धरली, बहुधा गवतही उगवलं असेल, आणि मग दुसरा वणवा त्याच्यावरून वाहत गेला, तेव्हा ती माती भाजून लाल झाली. या दोहोंच्या मध्ये किती काळ गेला असेल? हजार वर्षं? लाख? माझं बोट त्या पट्टीवर मावत होतं. बोट ठेवायचो आणि गोंधळून उचलायचो.

त्याहून गोंधळ घातला तो रांजणखळग्यांनी. नदीच्या पात्रात असतात तसे गोल, गुळगुळीत, रांजणाएवढे खड्डे. पुराच्या पाण्यात गोटे गरगर फिरतात आणि दगड कोरत जातात. तसे खड्डे मला पात्रापासून कितीतरी वर, जिव्याच्या घराच्याही वर, उघड्या कातळावर सापडले. त्यात पावसाचं पाणी, पाण्यात बेडकाची पिल्लं आणि तळाशी गोल गोटे. म्हणजे कधीतरी नदी इथून वाहत होती. नुसती वाहत नव्हती, खवळून वाहत होती. आज जिथे जिव्याचे बैल चरत होते तिथे एवढं पाणी होतं. धबधबासुद्धा तेव्हा इथे नसेल, पुढे कुठेतरी असेल. दगड फोडत फोडत मागे सरत आला असेल. मी जिव्याला विचारलं, "इथवर पाणी आलेलं कुणी पाहिलंय का?" तो म्हणाला, "म्हातारी मानसा सांगत, पयला सगला पानीच होता." पयला म्हणजे कधी? त्याच्या आज्याच्या वेळी की जगाच्या सुरुवातीला? त्याने हात हलवला. तो हात दोन्हीकडे जात होता.

अशा डोक्याने मी त्या ऐनाकडे पाहिलं. घरापासून वीस पावलांवर, नदीच्या बाजूला तो उभा होता. दोन पुरुष उंचीवर त्याचा बेचका होता, आणि त्या बेचक्यात गवत अडकलेलं होतं. काळं पडलेलं, कुजकं, काटक्यांसह लोंबणारं. शेजारच्या दुसऱ्या झाडातही तसंच, साधारण त्याच उंचीवर. आमच्या कामात पूर किती चढला हे असंच ओळखतात. पाणी ओसरतं, पण वाहत आलेलं गवत, पालापाचोळा फांद्यांत अडकून राहतो, त्याची उंची घ्यायची. कॉलेजात ते शिकवलेलं होतं, डेप्युटी साहेबांनीही निघताना बजावलं होतं, "गवत बघ. लोक काहीही सांगतील, गवत खोटं बोलत नाही."

मला काय आनंद झाला! वर कातळात खळगे, खाली झाडात गवत, आणि दोन्ही जवळजवळ एका पातळीत. मी जिव्याला हाक मारली. पट्टी धरायला लावली. वर बोट दाखवून विचारलं, "पूर इथवर येतो ना रे?" जिव्याने गवताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काशी दारात उभी होती, तिच्याकडेही पाहिलं. मग म्हणाला, "येत असंल, सायब."

असेल, म्हणाला. आहे, म्हणाला नाही. त्या एका शब्दावर मी किती वर्षं घालवली! पण तेव्हा मला पुरेसा होता. मी लाल रंगाचा डबा घेऊन झाडावर चढलो आणि खोडावर, बेचक्याच्या लगेच खाली, चांगला वीतभर रुंद पट्टा ओढला. त्याच्या टोकाला बाण काढला. दुसरा कातळावर काढला. काशी जवळ येऊन रंगाचा वास घेत उभी राहिली. बुटांची चेष्टा करणारी पोरगी त्या संध्याकाळी एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, दमली असेल.

अहवाल गेला. मी त्यात खळग्यांचंही वर्णन केलं होतं, जरा जास्तच रंगून. डेप्युटी साहेब खूश झाले. एवढा पूर म्हणजे साकव फार उंच हवा, लांब हवा. त्या पाड्यासाठी एवढं काम परवडायचं नाही, असं ठरलं आणि फाईल बाजूला ठेवली गेली. ती अजून बाजूलाच आहे. पलीकडची माणसं अजून चार महिने पलीकडेच असतात.

पाणी उतरल्यावर किती वाहतं ते मोजायला मी कार्तिकात पुन्हा गेलो. धबधबा बारीक झाला होता, कड्यावरून एक पांढरी दोरी सोडल्याएवढा. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळे थर मोजता येत होते. भात कापून झालं होतं, डोंगरभर गवत पिवळं पडून कापणीला आलं होतं. मी खिशात काशीसाठी बांगड्या आणि जिव्यासाठी बोंबलांची पुडी घेऊन उतारावरून येत होतो. तर ऐनाच्या बेचक्यात जिव्या बसलेला. काशी खालून गवताचा भारा वर फेकत होती आणि तो दोन्ही हातांनी झेलून बेचक्यात दाबून बसवत होता. काटक्या आडव्या घालत होता, वाऱ्याने उडू नये म्हणून.

बैलांची वैरण. जमिनीवर ठेवली की वाळवी लागते, मोकळी गुरं खाऊन जातात, म्हणून डोंगरात ती झाडावर ठेवतात. घरोघरी ठेवतात. पावसाळ्यात बैलांना लागेल तसं ओढून काढतात, आणि भाद्रपदापर्यंत जे उरतं ते काळं, कुजकं होऊन लोंबत राहतं. आमच्या वाडीत बैल नव्हते. माडाच्या झावळ्या झाडावर कुणी ठेवत नाही. मला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नाही हेही एरवी चाललं असतं. पण मला विचारायलाच पाठवलं होतं.

मी तिथे उभा राहिलो. जिव्याने वरून "आला सायब" म्हणून हात केला. गवत दाबताना त्याचा पाय माझ्या लाल पट्ट्यावर टेकलेला होता. मी हसलो. बोलायला हवं होतं ते बोललो नाही. एवढंच म्हणायचं होतं की बाबा, माझं चुकलं, ते गवत पुराचं नव्हतं, हा पट्टा पुसून टाका. चोवीस वर्षांच्या माणसाला ते जमलं नाही. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत, असा राग मला त्यांचाच आला. पाणी मोजलं, बांगड्या दिल्या, पुडी दिली आणि निघालो. साहेबांना पत्र लिहून अहवाल दुरुस्त करायचा असं वाटेत पक्कं ठरवलं. लिहायला बसलो की वाटायचं, पण खळगे? खळगे तर खरे आहेत. तिथे पाणी आलंच होतं, मग पट्टा खोटा कसा? मी चुकीच्या पुराव्यावरून बरोबर बोललो का? लाखो वर्षांपूर्वीचं पाणी आणि यंदाचं पाणी मी एकाच पट्टीवर मोजलं होतं, आणि त्या घोळातून बाहेर यायची माझी इच्छाही नव्हती, कारण आत लपायला जागा होती. पत्र गेलं नाही.

पुढच्या भाद्रपदात गेलो तेव्हा घर नव्हतं. पडलं नव्हतं, नेलं होतं. खांब उपटून नेले होते, त्यांचे खड्डे पाण्याने भरलेले. चुलीचे तीन दगड तेवढे जागेवर. भाताच्या तुकड्यात लावणी झालेली नव्हती, त्यात तेरडा माजला होता. ऐनाचा बेचका रिकामा आणि लाल पट्टा धुऊन अधिकच उजळ झालेला. मागे धबधबा त्याच्या सगळ्या आवाजासह कोसळत होता. अलीकडच्याच बाजूला डोंगरात वर एक पाडा होता, तिथे विचारलं, तर एक बाई म्हणाली, "गेली ती खाली, कामाला." तिच्या तोंडी खाली म्हणजे आम्ही. वसई, भिवंडी, बोईसर, सगळं खालीच.

मग मी हिशेब घालत बसलो. डोंगरातली माणसं दिवाळीनंतर कामाला उतरतातच, वीटभट्टीवर, रेतीवर. पण ती परत येतात. पावसाला रान मोकळं सोडत नाहीत. काशीचं लग्न झालं असेल. पण मग जिव्या? बैल मेले असतील. जंगलखात्याने उठवलं असेल. मला निर्दोष ठरवणारी कारणं शोधायला मी काही कमी कष्ट घेतले नाहीत. आणि दर कार्तिकात पहिला गवताचा ट्रक दिसला, की ती सगळी पुन्हा तपासायला घेतो.

या वर्षी कुंभवलीला गटाराचं काम निघालं. कारखान्यांच्या कुंपणाला लागून खोल्यांची रांग आहे, तिथे पावसाचं आणि इतर नको ते पाणी तुंबतं. उतार किती द्यायचा ते ठरवायला मी भिंतींवर खुणा करत चाललो होतो. इतक्या वर्षांत यंत्र बदललं, पट्टी बदलली, लाल रंगाचा डबा तोच. एका खोलीच्या भिंतीवर पट्टा ओढून बाण काढला, तेवढ्यात आतून चाळिशीकडे झुकलेली एक बाई बाहेर आली. कारखान्यातला निळा कोट अंगात, हातात जेवणाचा डबा, कामावर निघालेली. तिने बाण बघितला आणि डबा खाली ठेवला.

"हितं पन पानी येनार का, सायब?" ती म्हणाली. "हितून पन उठायचा?"

मी म्हटलं, "अहो, गटार आहे हे. उठायचं कशाला?"

"तुमचा काय खरा," ती म्हणाली. "आमचा डोंगरात घर होता. असाच एक सायब आला न् झाडावर असाच बान काढला. शेजारच्या खोऱ्यात धरनासाठी असाच लाल रंग लावलेला. जिथवर रंग तिथवर बुडनार, सगल्यांना ठावा होता. गवत तर आमचाच होता झाडावर. जंगलातला गवत, सायब पकडंल म्हनून बा काय बोलला नाय. न मंग बघतो तर सायबानं गवताच्या बरोबर बान काढला. बा म्हनाला, इथवर पानी येनार. आमी पानी यायची वाट नाय बघितली. हाती पैका देतील तवा देतील, भात लावून बुडवायचा कशाला? खांब काढले न् निंगालो."

माझ्या हातातल्या ब्रशवरून रंग बुटावर ठिबकत होता. तिने बुटाकडे पाहिलं. मग वर तोंडाकडे. काशीने मला ओळखलं.

मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, रस्त्यात, शिफ्टला चाललेली माणसं बाजूने जात असताना. धरण तिथे कधीच नव्हतं. साकव बांधायचा होता. ते गवत मला पुराचं वाटलं. मी मागचं पाणी शोधत होतो, तुम्हाला वाटलं पुढचं दाखवतोय. कार्तिकात मला कळलं होतं आणि मी बोललो नाही. हे शेवटचं वाक्य मी तिच्याकडे बघून म्हणू शकलो नाही, पण म्हटलं.

तिच्या कारखान्याचा भोंगा वाजला. ती हलली नाही. "म्हंजे पानी आलाच नाय?"

"नाही."

"आमची जागा तशीच हाय?"

"असेल. चुलीचे दगड मी पाहिले होते."

तिने खाली ठेवलेला डबा उचलला. मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं, मला कळलं असतं कुठे उभं राहायचं ते. ती हळू आवाजात म्हणाली, "बा आत हाय. त्येला सांगू नका. घर बुडला, आपला कायी इलाज नव्हता, असाच तो म्हनतो. तेच्यावर दिवस काढतो." तेवढं बोलून तिने मला आत नेलं. का नेलं ते मला कळलं नाही. मीही का गेलो, कळत नाही.

जिव्या खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. सुकलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू. मी वाकून पायाला हात लावला, आयुष्यात पहिल्यांदा. "बाबा, मी मोजणीवाला," म्हटलं. "बोंबील आणायचो तो." त्याने माझा हात धरून चाचपला आणि तोंडभर हसला. राग नाही, काही नाही. पाहुणा आल्यासारखा.

"सायब," तो म्हणाला, "पानी चढला ना तुमच्या बानापतुर?"

काशी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. हो म्हणावं तर मी दुसऱ्यांदा तीच खूण काढत होतो. नाही म्हणावं तर या माणसाची एकोणीस वर्षं त्याच्या हातात परत देत होतो, आणि ती घेऊन तो करणार काय होता?

"चढलं होतं," मी म्हणालो.

"न् धबधबा? तो पन बुडाला?"

"नाही बाबा. तो केवढा उंच. तो आहे."

"तो हाय," त्याने मान हलवली. त्याचं समाधान झालं असं मला वाटलं. मी उठायला निघालो. तेवढ्यात त्याने पुन्हा हात धरला. "मंग उतरला का पानी? चढला तो उतरंल ना कवातरी?"

काशीने डोळ्यांनीच नको म्हटलं. मला ते दिसलं. पण मी जन्मभर पाणी मोजलेला माणूस, आणि हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी सरळ विचारला होता.

"उतरलं, बाबा," मी म्हणालो. "कधीच उतरलं."

जिव्याने माझा हात सोडला. खाटेवरून पाय खाली सोडले आणि जमीन चाचपू लागला. मग एकाएकी थांबला, आणि जो डोळा दिसत होता तो माझ्यावर रोखून म्हणाला, "मंग आमाला कुनी सांगितला कसा नाय?"